४१ हजार चाललेली हिमालयन घ्यावी की १२ हजार चाललेली डॉमिनार?

रानवाटा_सातारा

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आता प्रश्न माझाच आहे म्हणून लिहितोय. टूरिंगसाठी सेकंडहँड बाईक घ्यायचीय. बजेट दीड लाख, ताणून एक साठ, पण त्यात ट्रान्सफर, इन्शुरन्स, पहिली सर्व्हिस सगळं बसलं पाहिजे. सध्या युनिकॉर्न आहे, ती ऑफिसला लागते, विकणार नाही.

आमचं फिरणं असं की मी आणि बायको दोघं, जमेल तेव्हा शनिवार-रविवार गाठून कोकणात. कधी कराडवरून कुंभार्ली उतरून गुहागर, कधी आंबा घाटातून रत्नागिरी, तवसाळ-जयगड फेरीबोटीत गाडी टाकायची आणि किनाऱ्या-किनाऱ्याने खाली जायचं. युनिकॉर्न नेते, नाही असं नाही, पण दोघं आणि दोन दिवसांचं सामान म्हटल्यावर घाटात तिचा जीव निघतो आणि खड्ड्यात आमच्या पाठीचा. शिवाय येत्या जूनमधे हिमाचलातलं स्पिती करायचं दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलंय.

दोन गाड्या समोर आहेत.

एक रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातली), २०२१ ची, एमएच ११ पासिंग, फर्स्ट ओनर, ४१ हजार किमी. मालक शिक्षक आहेत, इथलेच, सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. क्रॅशगार्ड, दोन पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या), एक्स्ट्रा लाइट सगळं आहे. १ लाख ५५ सांगतायत.

दुसरी बजाजची डॉमिनार ४००, २०१९ ची, एमएच १२, फक्त १२ हजार किमी. मालक परदेशात गेलेत, गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधे असते, त्यांचा भाऊ विकतोय. १ लाख १८ सांगतोय आणि फोटोत तरी गाडी एकदम चकाचक दिसतेय.

घरी सगळ्यांचं एकच, ४१ हजार म्हणजे इंजिन संपलं, १२ हजारवाली घे, वर ३७ हजार वाचतायत. मला मात्र कळेना. हिमालयन ४११ आता बंद झालीय, पार्ट्सचं काय ही पण भीती आहे. ज्यांनी जुनी गाडी घेऊन लांबचं फिरलंय त्यांनी जरा मोकळेपणाने सांगा.

स्पॅनर_कराड

भावा, पहिलं म्हणजे ४१ हजाराला इंजिन संपलं हे डोक्यातून काढून टाक. ४११ चं इंजिन पिळून चालवायचं इंजिनच नाही, २४ बीएचपी आणि ३२ एनएम, आणि तो टॉर्क ४००० आरपीएमच्या आसपासच हाताला येतो, एक सिलिंडर, दोन व्हॉल्व, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं. वेळेवर ऑइल बदललंय, टॅपेट (व्हॉल्वची फट) बघितलेत आणि कुणी रोज इंजिनच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणली नाहीये तर ४१ हजार म्हणजे अजून बरंच आयुष्य बाकी आहे. बिलं आहेत म्हणतोस ना, मग ती एकेक करून वाच. बिलावर तारीख आणि किमी दोन्ही असतात, ते चढत्या क्रमाने बसतायत का बघ, मीटर मागे फिरवलाय का ते तिथेच कळतं.

मला काळजी वाटते ती उभ्या गाडीची. २०१९ ते आता १२ हजार किमी, म्हणजे मधे किती वर्षं ती हललीच नाही ते आधी विचार. उभ्या गाडीत काय काय होतं ते सांगतो कारण फोटोत यातलं काहीच दिसत नाही. टाकीत अर्धं पेट्रोल पडून राहिलं की वरच्या मोकळ्या भागात आतून गंज धरतो, त्यात आता ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग तो गंज आणि चिकटा पंपाच्या फिल्टरमधे आणि इंजेक्टरमधे. ब्रेक ऑइल पण पाणी ओढतं, गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलायला लागतं. कूलंट जुना. शॉकअपचे सील एकाच जागी बसून कडक होतात आणि गाडी चालायला लागली की महिन्याभरात ऑइल गळायला लागतं. टायरवर नक्षी शंभर टक्के दिसेल पण रबर दगड झालेलं असतं, पावसात घाटाच्या वळणावर ते धरत नाही. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, ते वाच, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. ते आकडे १९ चे निघाले तर दोन्ही टायर पहिल्याच दिवशी काढायचे असा हिशोब धर, आणि डॉमिनारचा मागचा १५० चा रेडियल स्वस्त नाही.

पार्ट्सची भीती नको धरू. ४११ हे २०१६ पासून २०२३ पर्यंत विकलं गेलंय आणि २०२२ ला आलेल्या स्क्रॅम ४११ ला पण तेच इंजिन होतं, एवढ्या गाड्या रस्त्यावर असताना पार्ट्स बंद होत नाहीत. कराड-साताऱ्यात बाहेरचे फिटर पण हे इंजिन आरामात उघडतात.

रानवाटा_सातारा

धन्यवाद दादा. भावाला फोन केला, तो म्हणाला मालक २०२२ ला गेले तेव्हापासून गाडी तशी उभीच, पण हा आठवड्या-पंधरवड्याने खाली जाऊन पाच मिनिटं चालू करून ठेवतो म्हणजे बॅटरी आणि इंजिन नीट राहतं. हे चांगलंच ना?

स्पॅनर_कराड

नाही, चांगलं नाही. पाच मिनिटात इंजिन पूर्ण तापत नाही, जळताना तयार झालेली वाफ ऑइलमधे आणि सायलेन्सरमधे पाणी होऊन बसते, सायलेन्सर आतून कुजतो आणि ऑइल खराब होतं. सेल मारायला जेवढा करंट गेला तेवढा आयडलवर परत भरत पण नाही म्हणजे बॅटरीला पण फायदा नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किमी फिरवली असती तर गोष्ट वेगळी. त्याची भावना चांगली आहे, त्याला काही बोलू नको, फक्त भाव करताना हे धरून चाल.

हायवे_४८

स्पॅनरभाऊ तुमचं उभ्या गाडीबद्दलचं सगळं मान्य, पण त्यासाठी डॉमिनार गाडीच बाद करू नका. माझ्याकडे हेच मॉडेल आहे आणि मी तिच्यावर खूश आहे. २०१९ चं मॉडेल म्हणजे ४० पीएस, पुढे अपसाइड-डाउन फोर्क, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक मारल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारं). हायवेला १०० ला धरली की इंजिन निवांत असतं, ओव्हरटेकला गिअर पाडायला लागत नाही. हिमालयनला दोघं आणि पॅनियर घेऊन ९० च्या वर गेलं की ती सांगते मला आता नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ट्यूबलेस टायर. खिळा घुसला तर जागेवर पाच मिनिटात पट्टी मारून पुढे. हिमालयनला तारांची चाकं आणि आत ट्यूब, पंक्चर झाली की चाक खोला, टायर उचका, ट्यूब बाहेर काढा. रात्री घाटात हे करायचं म्हणजे काय ते विचार कर.

वजन पण बघ, २०१९ ची डॉमिनार १८४ किलोच्या आसपास, बीएस ६ हिमालयन १९९. युनिकॉर्नवरून उतरून १९९ किलोवर बसणार आहेस.

माझं म्हणणं एवढंच की गाडी ९५-९८ हजारात देत असतील तर घे, वर ३० हजार टाकून टायर, बॅटरी, सगळी तेलं, चेनसेट नवीन कर, आणि मग तुला १२ हजार चाललेलं इंजिन मिळालं. १ लाख १८ ला घेऊ नको.

मृण्मयी_नाशिक

दादा, मी हिमालयन चालवते आणि लग्नाआधी बरीच वर्षं मागे बसून फिरलेय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

१०० च्या वर कुठे चालवणार आहात ते आधी ठरवा. आपल्या राज्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला टू-व्हीलर बंद, समृद्धीवर बंद, अटल सेतूवर बंद. म्हणजे जिथे खरंच सलग वेगात जाता येतं तिथे आपल्याला प्रवेशच नाही. उरतं काय तर जुना मुंबई-पुणे हायवे, एनएच ४८ चा पट्टा, एनएच ६६, आणि मग सगळे घाट आणि राज्य रस्ते जिथे ६०-७० चा वेग लागला तरी खूप. तुम्ही जे रस्ते लिहिलेत, कुंभार्ली, आंबा घाट, सागरी मार्ग, त्यात तुम्हाला ४० पीएस वापरायला मिळणार नाहीत पण २१ इंची पुढचं चाक आणि २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स रोज वापरायला मिळेल. डॉमिनारचा १५७ आहे. पाऊस पडून गेल्यावर गुहागरच्या आतल्या गावांचे रस्ते तुम्हाला माहितीच असतील.

ट्यूबचं हायवे_४८ म्हणतायत ते खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण ट्यूब काढून पॅच मारणारा माणूस छोट्यातल्या छोट्या गावात सापडतो, अडतं ते फक्त २१ इंची ट्यूबवर, ती सहसा दुकानात नसते. म्हणून पुढची-मागची एकेक ट्यूब आणि दोन टायर लिव्हर कायम पॅनियरमधे ठेवायचे. हिमालयनला सेंटर स्टँड कंपनीकडून येतो, मागचं चाक काढायला त्याचा फार उपयोग होतो. डॉमिनारला तो नसतो.

वजनाचं काय, चालताना जाणवत नाही, ढकलताना जाणवतं. फेरीबोटीत शिरताना रॅम्प ओला आणि लोखंडी, वर डेकवर तो माणूस हात करून सांगतो इकडे वळवा तिकडे लावा, मागे चारचाकी हॉर्न मारत असते, तिथे १९९ किलो अधिक सामान पायाने मागे सरकवायला लागतं. सीटची उंची दोन्हीची ८०० मिमी आहे म्हणजे त्यात फरक नाही, पण पाय पूर्ण टेकतात का हे स्वतः बसून बघा. वहिनींना फेरीच्या आधी उतरायला सांगा, गाडी लागल्यावर सामान काढा, सोपं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रायलला वहिनींना घेऊनच जा. नुसतं सोसायटीला चक्कर मारून नाही, निदान तास-दीड तास दोघं बसून. मागच्या माणसाचे गुडघे किती वाकतात, मागचा शॉकअप कंबरेत मारतो का, धरायला नीट जागा आहे का, हे मागे बसलेल्या माणसालाच कळतं. त्यांना नको वाटली तर गाडी कितीही भारी असली तरी तुमचं फिरणं बंद होणार.

दापोली_रोड

हिमालयनवाले शिक्षक कोकणात फार जायचे का ते विचारा हो. आमच्याकडे किनाऱ्यालगत ठेवलेल्या गाड्यांना खारी हवा फार खाते आणि वरून धुऊन पुसून आणली की कळत नाही. तारांच्या मुळाशी जिथे त्या रिममधे शिरतात तिथे बघा, सेंटर स्टँडच्या स्प्रिंगजवळ, सायलेन्सर जिथे इंजिनला जोडतो तिथले नट, आणि सीट काढून खालच्या फ्रेमचे कोपरे. नुसता तांबूस थर असेल तर घाबरू नका, नखाने पोपडे निघाले तर सोडून द्या. तारा एकेक करून पान्याने हलकेच वाजवा, सगळ्यांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे, एखादी भद्द वाजली तर ती सैल आहे किंवा तुटायला आलीय.

दप्तर_सांभाळा

गाडीवर सगळे बोलले, कागदावर कुणीच नाही म्हणून लिहितो. माझ्या मते डॉमिनारचा निकाल कागदच लावतील.

मालक परदेशात आहे. फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) वर सही त्याची लागते, भावाची नाही. भाऊ म्हणेल सह्या करून ठेवलेल्या आहेत, एजंट करून देतो, तरी तू मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोल, आरसीवरचं नाव आणि त्याचं ओळखपत्र जुळव, आणि पैसे मालकाच्याच खात्यात टाक. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की आरसी चालू आहे का, इन्शुरन्स कधी संपला, पीयूसी आहे का आणि बोजा आहे का हे सगळं दिसतं. बोजा म्हणजे कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरून एचपी (हायपोथिकेशन, कर्जाची नोंद) उतरवलेली नसते बऱ्याच जणांची, त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि एनओसीवर मुदत असते ती बघायची. एचपी उतरल्याशिवाय गाडी तुझ्या नावावर होत नाही.

ई-चलान महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साइटवर बघ. थकलेली चलानं मालकाकडून भरून घे, "किमतीत अ‍ॅडजस्ट करू" म्हणाले तरी आधी भरा म्हणायचं.

इन्शुरन्सचं. सप्टेंबर २०१८ नंतरच्या नवीन टू-व्हीलरला ५ वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे. म्हणजे २०१९ च्या डॉमिनारचा तो २०२४ ला संपला, गाडी उभी होती म्हणजे कुणी नवीन काढला असण्याची शक्यता कमी. तो काढल्याशिवाय ट्रायलसुद्धा मारू नको. ३५० सीसीच्या वरच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी २०२२ च्या दराने वर्षाला २८०४ रुपये अधिक जीएसटी पडतो, हिमालयन असो की डॉमिनार, युनिकॉर्नच्या मानाने हा खर्च दरवर्षीचा आहे हे धरून चाल.

गाडी घेतली की १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी नावावर नसेल तर अडतो. आणि नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे "बोनस आहे, प्रीमियम कमी लागेल" यावर विसंबू नको.

विकणाऱ्याला पण ट्रान्सफरची घाई असायला पाहिजे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, तोच भरपाईला जबाबदार, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केलंय. जो विकणारा म्हणतो ट्रान्सफर करा कधीही, काही घाई नाही, तिथे जरा सावध.

बेळगावकर_२२

मधेच एक सांगतो, स्वस्तात दिसतेय म्हणून केए म्हणजे कर्नाटक पासिंगची गाडी बघायला आमच्याकडं बरेच जण येतात साताऱ्या-कोल्हापुराकडनं. बारा महिन्यांच्या वर तुमच्या राज्यात ठेवणार असाल तर इकडची एनओसी, फॉर्म २८, मग तिकडं नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, आणि इकडचा टॅक्स परत मिळवायला वेगळी धावपळ. तो खर्च धरूनच भाव करा. तुमच्या दोन्ही गाड्या एमएच आहेत ते बरं आहे, नंबर पण बदलत नाही.

रानवाटा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी दोन्ही बघायला जातोय, आधी पुणे मग दुपारी परत येऊन हिमालयन. स्पॅनरदादा, प्रत्यक्ष गाडीपाशी उभं राहिल्यावर काय बघायचं ते जरा सविस्तर सांगता का, माझ्याबरोबर फिटर नाहीये.

स्पॅनर_कराड

सांगतो. दोघांनाही आधी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या पहिलं काम इंजिनला हात लाव, गार पाहिजे. गरम असेल तर गार इंजिनाचा त्रास लपवलाय असं समज आणि चहा पिऊन परत ये. गार असताना स्टार्ट मार, कान इंजिनाच्या वरच्या बाजूला ठेव, टॅपेटची बारीक टकटक चालेल, जड ठक ठक नको. मागे कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं कर, पांढरी वाफ जाते आणि थांबते, निळा धूर आला तर ऑइल जळतंय, गाडी सोडून दे.

मग हँडल. ही एक गोष्ट सगळ्यात शांतपणे कर. हिमालयन सेंटर स्टँडवर घे, मागे कुणीतरी वजन देऊन पुढचं चाक जमिनीवरून उचल, आता हँडलला फक्त एक बोट लाव आणि अगदी हळू डावीकडून उजवीकडे ने. सरळ रेषेवर येताना कुठे खटका लागतो का, खाचेत बसल्यासारखं थांबतं का बघ. थांबत असेल तर कोनसेट (हँडलच्या दांडीचे बेअरिंग) गेलाय. मग खाली बसून दोन्ही शॉकअप खालून धर आणि पुढे-मागे ओढ, टक असा आवाज आला तर तिथे ढिलाई आहे. कोनसेट हा झिजणारा पार्ट आहे, खराब रस्त्यावर चाललेल्या कुठल्याही गाडीचा जातो, बदलता येतो, पण तो पैसा किमतीतून वजा करायचा.

हँडल पूर्ण वळवल्यावर फ्रेमला जिथे टेकतं ती जागा बघ. तिथला रंग दाबलेला चालेल, पण स्टॉपर वाकलेला किंवा तुटलेला असेल किंवा तिथे नवीन वेल्डिंग, नवीन रंग दिसला तर गाडी जोरात पडलीय. लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, हँडलची टोकं घासलेली असतील तर उभ्या-उभ्या पडलीय, टूरिंगच्या गाडीला तेवढं होतंच.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढ, दातावरून उचलली गेली आणि मधून उजेड दिसला तर चेनसेट संपला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती आणि प्रत्यक्ष जाडी बघ. डॉमिनारच्या टाकीचं झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च मार आणि आत चारी बाजूंनी बघ.

हिमालयनला एक्स्ट्रा लाइट आहेत म्हणालास, सीट उचलून वायरिंग बघ. रिले आणि फ्यूज घालून नीट केलंय का मूळ वायर सोलून टेप गुंडाळलीय. दुसरं असेल तर लाइट काढून टाकायचे. आणि पॅनियर, क्रॅशगार्ड, लाइटचे पैसे वेगळे धरू देऊ नको, जुन्या अ‍ॅक्सेसरीला बाजारात किंमत नसते.

किमतीचं म्हणशील तर विकणारे सध्या म्हणतात सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के झाला म्हणून जुन्या गाड्या पण महागल्या. अर्धी गोष्ट ती आहे. त्याच वेळी ३५० पर्यंतचा २८ वरून १८ वर आला आणि नवीन ३५० स्वस्त झाल्या, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे पण वळलंय. तू घाई करायचं कारण नाही.

रानवाटा_सातारा

मंडळी, दोन्ही बघून आलो.

पुण्याची गाडी लांबून बघितली तर खरंच नवी वाटते. टायर दोन्ही २०१९ चे, कडेला बारीक भेगा. टाकीत टॉर्च मारला, तोंडाच्या आतल्या बाजूला गंजाची रांगोळी. ब्रेक ऑइल काळपट. पण स्टार्ट पहिल्या झटक्यात झाली आणि इंजिनाचा आवाज खरोखर सुंदर आहे, हायवे_४८ दादांचं म्हणणं पटलं. इन्शुरन्स नव्हता म्हणून चालवली नाही. आरसीवर बोजा तसाच आहे, कर्ज फिटलंय म्हणतात पण एनओसी सापडत नाहीये, आणि मालक डिसेंबरशिवाय येणार नाहीत. भाऊ १ लाखापर्यंत उतरला होता. माणूस सरळ वाटला, पण कागदाची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

हिमालयन घेऊन आम्ही दोघं यवतेश्वर चढून कासच्या रस्त्याने जाऊन आलो. बोटाने हँडल फिरवून बघितलं, कुठेही खटका नाही. सरांनी वही ठेवलीय, प्रत्येक वेळी किती पेट्रोल, किती किमी, ऑइल कधी, ब्रेक पॅड कधी, सगळं हाताने लिहिलेलं, अ‍ॅव्हरेज ३० च्या आसपास. चेन उचलली जाते आणि मागचा टायर संपत आलाय, ते त्यांनी मी विचारायच्या आधी स्वतःच दाखवलं. तारांच्या मुळाशी थोडा गंज, पोपडे नाहीत. बायको मागे बसून एवढंच म्हणाली की युनिकॉर्नवर मी खड्डा आला की डोळे मिटायचे, इथे रस्ता बघत बसले.

१ लाख ५५ वरून १ लाख ४२ ला ठरलं. पाच हजार टोकन दिलंय, कागदावर लिहून दोघांच्या सह्या. मंगळवारी आरटीओचं काम सुरू करतोय.

दप्तर_सांभाळा

छान केलंस. टोकनच्या कागदावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लिहिलाय का बघ, नसेल तर मंगळवारी लिहून घे, आणि ते दोन्ही गाडीवर कोरलेले नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळव. ताबा घ्यायची तारीख आणि वेळ पण त्याच कागदावर टाक, म्हणजे त्याआधीचं चलान आलं तर वाद नाही. २०२१ चा थर्ड पार्टी ५ वर्षांचा आहे, तो २०२६ ला कधी संपतो ती तारीख मोबाईलमधे टाकून ठेव.

हायवे_४८

अभिनंदन भावा. बोजावाली गाडी सोडलीस ते बरोबरच. कधी कुंभार्लीला चाललास तर टाक इथे, मी पण येतो.

स्पॅनर_कराड

चेनसेट पूर्ण बदल, नुसती चेन नको, जुन्या स्प्रॉकेटवर नवीन चेन लवकर ताणते. मागचा टायर घालताना ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी पण नवीन टाक. ऑइल १५डब्ल्यू५०, फिल्टर, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर हे सरांनी कधीही बदललेलं असो, एकदा तुझ्या हातून होऊ दे म्हणजे पुढचा हिशोब तुझा. पहिले दोन-तीन आठवडे जवळच फीर, कास, बामणोली, महाबळेश्वर, गाडीचे आवाज कानाला ओळखीचे झाले की मग लांब.

मृण्मयी_नाशिक

वहिनींना आवडली हे वाचून फार बरं वाटलं. स्पितीचं एक सांगते, जूनमधे जाणार तर शिमला-किन्नौर बाजूने आत शिरा, मनालीच्या बाजूचा कुंझुम ला (खिंड) साडेचार हजार मीटरच्या वर आहे, बर्फ हटवून तो कधी उघडेल ते वर्षावर्षावर असतं, किन्नौरचा रस्ता मात्र वर्षभर चालू असतो. शिवाय तिकडून उंची हळूहळू वाढते, सांगला, नाको, मग काझा, दोघांच्या डोक्याला त्रास कमी होतो. काझाच्या आधी शेवटचे पेट्रोल पंप लांब लांब आहेत, तुमची १५ लिटरची टाकी आणि ३० चा अ‍ॅव्हरेज धरला तर अडणार नाही, पण रेकाँग पिओला भरून घ्याच. पुढची ट्यूब विसरू नका.